दारावरच्या पाटीला ३३५५०३३६ : हा आकडा नेमका कसला?

पाटीवाला_मंगळवारपेठ

नमस्कार मंडळी. मी गणितातला माणूस नव्हे. दहावीला गणितात काठावर निघालो ते मास्तरांच्या कृपेने. धंदा पाट्या रंगवायचा, वडिलांपासूनचा. फ्लेक्स आल्यापासून दुकानांची कामं गेली, आता घराच्या पाट्या, लग्नातली नावं, देवळातली देणगीदारांची यादी आणि कुणी हौशी ट्रकवाला आला तर मागचं फळकूट, एवढ्यावर चाललंय.

परवा एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. सागवानी फळी घरूनच घेऊन आले होते, अठरा इंच बाय सहा, रंधा मारून एकदम गुळगुळीत. म्हटलं नाव सांगा. तर म्हणाले, "नाव नको. एवढंच लिही," आणि कागदाचा कपटा दिला. त्यावर ३३५५०३३६.

मी विचारलं, "फोन नंबर काय?" तर म्हणाले, "फोनला दहा आकडे असतात रे." पिनकोड सहा आकडी, आपला ४१६ ने सुरू होतो, ते पण नाही. गाडीचा नाही, विम्याचा नाही. तर म्हणाले, "पाटी घ्यायला गुरुवारी येतो. तोवर हा आकडा कोण आहे ते शोधून सांगितलंस तर सहाशेच्या जागी नऊशे देईन. नाही जमलं तर तीनशे." आणि मान हलवून गेले पण. मी हो म्हणायच्या आत सौदा झाला.

आता लफडं असं की बायको म्हणते ही पाटी करूच नका, शेवटी छत्तीसचा आकडा आहे. कुणाच्या दारावर छत्तीसचा आकडा लावतं का कोण? खरं सांगायचं तर रंगवताना ते आणखी उठून दिसतं. देवनागरी ३ चं पोट एकीकडे, ६ चं दुसरीकडे, पाठीला पाठ लावून बसलेले. इंग्रजी आकड्यात लिहिलं तर तेवढं जाणवत नाही, पण आजोबांनी मराठी आकडेच सांगितलेत.

खडूची दोरी मारून रेघा पाडल्यात, पेन्सिलीने आकडे काढून ठेवलेत. चार तीन, दोन पाच, एक शून्य, एक सहा. याच्यापलीकडे मला काही दिसत नाही. कुणाला काही कळतंय का? सहाशेचा फरक आहे राव.

उद्यमनगरचा_फिटर

भावा, कॉम्प्युटरवर टाकून बघितला. दोनाने लागोपाठ १२ वेळा भाग जातो. शेवटी ८१९१ उरतो आणि तो काय हलत नाही, मूळ संख्या आहे. म्हणजे ४०९६ गुणिले ८१९१.

अजून एक. द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसत्या १ आणि ० मध्ये लिहिला तर आधी १३ एक येतात, मग १२ शून्य. मधे काही भानगड नाही. गणपतीच्या मांडवात २५ बल्बची माळ लावली आणि पहिले १३ पेटवून बाकीचे १२ विझवले तर तो तुमचा आकडा. मला तर हेच भारी वाटलं.

पण म्हाताऱ्याला हेच पाहिजे का ते माहीत नाही.

मूलांक_बघणारा

बेरीज करा : ३+३+५+५+०+३+३+६ = २८. २+८ = १०. १+० = १. मूलांक १, सूर्याचा. घरमालक मानी, कुणाचं ऐकत नाहीत. अशा घराला पूर्वेचा दरवाजा चांगला. पाटी लाल रंगात करा.

शून्याचा_पाढा

पाटीवाले, तुमच्या आजोबांनी तुम्हाला नऊशे द्यायचं ठरवूनच सौदा केलाय, असं वाटतंय. एवढा मोठा आकडा कुणी उगाच लिहीत नाही.

मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे उत्तर सरळ सांगायची सवय नाही. फिटरभाऊंनी अर्धं काम केलेलंच आहे. आता तुम्ही एक करा. या आकड्याला ज्या ज्या संख्यांनी निःशेष भाग जातो त्या सगळ्या एका खाली एक लिहून काढा. फक्त हा आकडा स्वतः सोडा. मग त्यांची बेरीज मारा. कॅल्क्युलेटर वापरला तरी चालेल, मी बघायला येणार नाही.

भागणाऱ्या संख्या कशा शोधायच्या? एकीकडे २ चे घात, दुसरीकडे ८१९१ ला त्याच घातांनी गुणत जायचं. तिसरं काही येऊच शकत नाही. जमलं की इथे लिहा.

मूलांकवाले, तुमच्या सूर्याबद्दल नंतर बोलू.

पाटीवाला_मंगळवारपेठ

बाई, केलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडलं. जसं लिहिलं तसं देतो :

२, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८, ४०९६

मग दुसरी ओळ : ८१९१, १६३८२, ३२७६४, ६५५२८, १३१०५६, २६२११२, ५२४२२४, १०४८४४८, २०९६८९६, ४१९३७९२, ८३८७५८४, १६७७५१६८

पुढचा दुप्पट केला तर आपला आकडाच येतो, म्हणून तिथे थांबलो.

बेरीज तीन वेळा मारली. तिन्ही वेळा ३३५५०३३५.

एक कमी! अहो बाई, तीन कोटी पस्तीस लाखाच्या हिशेबात एक रुपया कमी. माझ्या दुकानाच्या वहीत आयुष्यात एवढं जवळ कधी आलं नाही. पोराला बसवलं, त्याचं पण तेच. बायको म्हणाली छत्तीसचा आकडा आहे, जुळणारच नाही.

शून्याचा_पाढा

पहिली ओळ कुठून सुरू केलीत ते बघा.

पाटीवाला_मंगळवारपेठ

एक!! एकाने पण भाग जातो!!

आयला. म्हणजे सगळे मिळून बरोब्बर ३,३५,५०,३३६. एक पैसा इकडे नाही, तिकडे नाही. टर्पेंटाइनच्या वासाने डोकं चढलं म्हणायचं का काय, पण मी कॅलेंडर हातात घेऊन उभाच राहिलो. शेजारचा सायकलवाला विचारायला लागला काय लॉटरी लागली काय.

शून्याचा_पाढा

लागलीच म्हणायची. याला परिपूर्ण संख्या म्हणतात. जिला भागणाऱ्या सगळ्या लहान संख्या एकत्र केल्या की ती स्वतःच परत मिळते, अशी.

बहुतेक संख्यांचं असं होत नाही. १० घ्या : १, २, ५ मिळून ८. कमी पडले. १२ घ्या : १, २, ३, ४, ६ मिळून १६. जास्त झाले. बरोबर बसणारी पहिली ६, मग २८, मग ४९६, मग ८१२८. तुमची फळीवरची पाचवी.

आता या ८१२८ पासून तुमच्या आकड्यापर्यंतची उडी बघा. पहिल्या चार संख्या चार आकड्यांत संपतात. एक आकडी एक, दोन आकडी एक, तीन आकडी एक, चार आकडी एक. निकोमाकस नावाचा एक ग्रीक होता, साधारण इसवी सन १०० च्या सुमाराचा. त्याने या चौघींकडे बघून सांगून टाकलं की प्रत्येक वेळी एक आकडा वाढणार आणि शेवटी आळीपाळीने ६ आणि ८ येणार. दिसायला किती नीट! ६, २८, ४९६, ८१२८. वर्गातल्या हुशार मुलाने पण हेच सांगितलं असतं, आणि मी त्याला शाबासकी दिली असती. पुढची पाच आकडी असायला हवी होती. निघाली आठ आकडी.

का, ते सांगते. कृती युक्लिडची आहे, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासची. १ पासून दुप्पट दुप्पट करत बेरीज घ्या : १, १+२, १+२+४, असं. बेरीज मूळ संख्या आली की थांबा आणि तिला शेवटच्या पदाने गुणा. १+२ = ३, गुणिले २, सहा. १+२+४ = ७, गुणिले ४, अठ्ठावीस. १+२+४+८ = १५, ही मूळ नाही, सोडा. पुढे ३१ गुणिले १६, चारशे शहाण्णव. ६३ गेली. १२७ गुणिले ६४, आठ हजार एकशे अठ्ठावीस. मग २५५ गेली, ५११ गेली (७ गुणिले ७३), १०२३ गेली. २०४७ वर सगळे फसतात, कारण ११ पदं म्हणजे पदांची संख्या मूळ, मग बेरीजही मूळ असणार असं वाटतं. पण २३ गुणिले ८९ करून बघा. ४०९५ तर पाचाने जाते. आणि मग १३ पदांना ८१९१. तिथे परत दार उघडतं.

८१९१ ला काही भागत नाही हे कशावरून? साधारणपणे ९० च्या आतल्या सगळ्या मूळ संख्या लावून बघाव्या लागतील, कारण ९१ चा वर्गच ८२८१ होतो. पण फर्माचा एक नियम आहे. इथे १३ पदं आहेत ना, मग भाग गेलाच तर अशा मूळ संख्येनेच जाईल जी २६ च्या कुठल्या तरी पटीत १ मिळवून येते. २७, ५३, ७९, बस्स. २७ मूळच नाही. ५३ ने भागलं तर २९ उरतात. ७९ ने भागलं तर ५४. दोन भागाकारांत काम झालं. मी हे फळ्यावर करून दाखवायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा खाली बघत नसत.

निकोमाकसचं दुसरं भाकीतही पडलं. पाचवी ६ वर संपते, ठीक आहे, पाळी तिचीच होती. पण सहावी ८५८९८६९०५६, तीही ६ वरच. दोनदा सहा.

गुऱ्हाळ_बंद_आहे

बाई, तुमचं वाचून एक गोष्ट आठवली. आमच्या चुलत्यांच्या वाटणीत २८ गुंठ्यांचं एक रान होतं. थोरल्याला निम्मं, १४. दुसऱ्याला पाव, ७. मग सातवा हिस्सा ४, चौदावा २, आणि अठ्ठाविसावा १ गुंठा, तो विहिरीवरच्या माणसाला. सगळं वाटून झालं, बांधाएवढं पण उरलं नाही. तलाठी म्हणाला असली वाटणी पहिल्यांदा बघतोय. आम्हाला वाटलं आजोबा हुशार. आत्ता कळतंय की आकडाच हुशार होता.

३३५५०३३६ गुंठे कुणाकडे असतील तर कळवा.

शून्याचा_पाढा

वा! हाच तो गुण. सगळ्या हिस्स्यांची बेरीज बरोबर एक येते. ३३५५०३३६ गुंठे असते तर २५ वाटेकरी लागले असते, पाटीवाल्यांनी लिहिले तेवढे, एक धरून. आणि शेवटच्याच्या वाट्याला एकच गुंठा.

आता मूलांकवाले. बेरीज १ येते हे खरं, पण तो या घरमालकाचा स्वभाव नाही. २८ करा : १०, १. ४९६ करा : १९, १०, १. ८१२८ : तेच. सहा सोडली तर आजवर माहीत असलेल्या सगळ्या परिपूर्ण संख्यांचा मूलांक १ च येतो. म्हणजे सूर्याचा दोष नाही, घराणंच तसं आहे.

कारण अवघड नाही. आपला शेवटचा २ चा घात, इथे ४०९६, हा ४ चाही घात आहे, म्हणून त्याला ३ ने भागलं तर १ च उरतो. म्हणजे तो तिनाची काही पट अधिक १. मग त्याच्या दुपटीतून एक वजा केला, तर ती सहाची तेवढीच पट अधिक १. या दोघांचा गुणाकार करून बघा, एक सोडून बाकी सगळं नवाने जातं. नवाने भागून १ उरणं आणि मूलांक १ असणं, दोन्ही एकच.

तरी एक गंमत तुमच्या पदरात टाकते. ३३५५०३३६ च्या आकड्यांची पहिली बेरीज २८, आणि २८ स्वतः परिपूर्ण. याला कारण काही नाही, योगायोग आहे. मला मात्र आवडतो.

मूलांक_बघणारा

म्हणजे लाल रंग चालेल ना?

उद्यमनगरचा_फिटर

बाई, मग ही हर्षद संख्या पण असेल काय? आमच्या शाळेत कापरेकरांचं ६१७४ करून घेतलं होतं, त्याच तासाला हे पण सांगितलेलं. आकड्यांच्या बेरजेने भाग गेला पाहिजे.

शून्याचा_पाढा

करून बघा की. २८ ने भागा, बाकी ८ राहते. नाही जात. देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी ज्या संख्यांना आनंद देणारी म्हटलं त्यांत ही बसत नाही. परिपूर्ण असूनही हर्षद नाही. माझ्या ओळखीत अशी माणसं बरीच आहेत.

बाकी ठिकाणी मात्र हिचा मान आहे. १ पासून ८१९१ पर्यंत सगळ्या संख्या मिळवल्या की हीच येते, म्हणजे त्रिकोणी संख्या. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची थप्पी लावतात तशी लावा, खालच्या ओळीत ८१९१, तिच्यावर ८१९०, वर वर एकापर्यंत. षट्कोनीही आहे, पण ते कागदावर काढून दाखवल्याशिवाय कळणार नाही, सोडून देते.

मला सगळ्यात आवडते ती ही : १ चा घन, ३ चा घन, ५ चा घन, असे फक्त विषम संख्यांचे घन मिळवत जा. पहिले दोन मिळवले की २८. चार मिळवले की ४९६. आठ मिळवले की ८१२८. आणि ६४ मिळवले, म्हणजे १२७ च्या घनापर्यंत, की ३३५५०३३६. बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक घरात एक घन ठेवला तर पट भरतो तेव्हा तुमची पाटी तयार.

पाटीवाला_मंगळवारपेठ

बाई, हात जोडले. आता एक शेवटचं, हसू नका. बायको अजून छत्तीसवर अडून आहे. ती म्हणते शेवटचे दोन उलटे करा, ६३ करा. तीन आणि सहा तोंडाला तोंड करून बसतील, घरात भांडण नाही. आकडे तेच, पाटी तेवढीच. आजोबांची नजर काय एवढी चांगली नसेल. चालेल का?

शून्याचा_पाढा

नाही! ३३५५०३६३ ला साताने भाग जातो, ४७९२९०९ येतात. आकड्यांची बेरीज तीच २८, पण संख्या विषम झाली. आणि विषम परिपूर्ण संख्या आजवर कुणालाही सापडलेली नाही. आहे की नाही हेही सिद्ध झालेलं नाही. दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, शोध चालू आहे. असलीच तर ती १ वर १५०० शून्यांपेक्षा मोठी असणार, एवढं २०१२ पासून माहीत आहे. तुमच्या मंगळवार पेठेतल्या दुकानात ती सापडायची नाही.

वहिनींना सांगा, ३ आणि ६ पाठीला पाठ लावून बसलेत म्हणूनच हिशेब जुळतोय.

गुऱ्हाळ_बंद_आहे

यापेक्षा मोठ्या किती आहेत मग?

शून्याचा_पाढा

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली धरून एकूण ५२ माहीत आहेत, सगळ्या सम. सगळ्या सम परिपूर्ण संख्या युक्लिडच्याच कृतीतून येतात हे ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केलं. तुमची पाचवी युरोपात पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात दिसते, आणि अरबी गणिती इब्न फल्लूस, ११९४ ते १२५२ चा, त्याच्या यादीत तर त्याआधीच आहे. हाताने केलेलं सगळं.

सगळ्यात मोठी जी आहे तिच्यात आठ कोटी वीस लाखांहून जास्त आकडे आहेत.

पाटीवाला_मंगळवारपेठ

थांबा, हे माझ्या लाइनचं आहे. एक आकडा दोन इंच धरला, म्हणजे पाच सेंटीमीटर, तर पाटी ४१०० किलोमीटरची. कोल्हापूर-पुणे हायवेच्या कडेने लावत गेलो तर आठ-नऊ वेळा जाऊन यावं लागेल. रंग कोण देणार?

पाटीवाला_मंगळवारपेठ

गुरुवारचं सांगतो, कारण बाईंनी विचारलं नाही तरी वाट बघत असणार.

आजोबा साडेचारला आले. पाटी तयार होती, पिवळ्यावर काळे आकडे, कडेला बारीक लाल पट्टी (मूलांकवाल्यांचा मान राखला). मी काही बोलायच्या आधी त्यांनी फळी डोळ्यांजवळ नेली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत मोजलं. छत्तीसवर बोट जरा जास्त वेळ थांबलं. म्हटलं बरं झालं बायकोचं ऐकलं नाही.

मग मी कॅलेंडर काढून पुढे धरलं. तोंडाने काही बोललो नाही. दोन ओळी, खाली बेरीज, आणि पहिल्या ओळीच्या आधी लाल पेन्सिलीने घुसडलेला १. त्यांनी तो १ बघितला आणि इतके हसले की खोकला आला. म्हणाले, "तू पण विसरलास ना?" ते बँकेत कॅशियर होते. संध्याकाळी एक रुपया कमी आला की रात्री आठ वाजेपर्यंत बसून राहायचे, आणि घरी बायको जेवायला थांबलेली असायची. मी म्हटलं, "मग हा आकडा?" तर म्हणाले, "एवढीच एक रक्कम बघितली जी मी न मोजता जुळते."

नऊशे दिले. पाचशेची एक, शंभरच्या चार, दोनदा मोजून.

पाटी पिशवीत घालताना म्हणाले, मागच्या दाराला पण एक कर. आणि खिशातून दुसरा कपटा काढला. ८५८९८६९०५६. मी लगेच म्हटलं, "सहावी. परत ६ वरच संपते, निकोमाकस चुकला." नुसते बघत राहिले माझ्याकडे.

आता अडचण अशी की दहा आकडे आहेत आणि फळी तेवढीच आणलीय, अठरा इंच. दोन्ही कडेला इंच इंच सोडला तर एका आकड्याला जेमतेम दीड इंच मिळतो, आणि देवनागरी ८ ला डोक्यावर जागा लागते, ९ तर पसरतोच. दोन ओळींत केला तर चालेल का, का संख्या मधे तोडायची नसते? बाई, तुम्हीच सांगा. बायको मात्र या वेळी खूश आहे, शेवटी ५६ आहे म्हणून.

शून्याचा_पाढा

तोडू नका. उंची कमी करून अक्षर बारीक काढा. आणि या वेळी मजुरी आधी ठरवा.